कॅम्परचं पाणी: वाटेवर केलेल्या डागडुजीच्या नोंदी

४ नोव्हेंबर

कॅम्परमधल्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या आमच्या गाडीतल्या, पाण्याची रचना आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे दर नोंदीत समजावत बसायला नको. मागच्या बाकाखाली ७० लिटरची पॉलिथिलीनची टाकी. तिच्यातून निघालेली मऊ नळी गाळणीच्या पारदर्शक वाटीतून १२ व्होल्टच्या डायफ्रॅम पंपात जाते. ही सक्शनची, म्हणजे पाणी ओढण्याची बाजू. पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच आहे. नळ उघडला, दाब उतरला की पंप चालू. नळ बंद केला आणि दाब साधारण २.८ बारला पोचला की पंप बंद. पंपाच्या पुढे डिलिव्हरी, म्हणजे दाबाची बाजू: १२ मिलिमीटरचे कडक पाईप, दाबून बसवायचे जोड, सिंकखाली एक टी (तीन तोंडांचा जोड). तिथून एक फाटा नळाला, एक १० लिटरच्या गीझरला. सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली आहे आणि तिची कधी तक्रार नसते.

कालपासून पंप रात्री मध्येच आपणहून सुरू होतो. दोन सेकंद घरघरतो, थांबतो. सगळे नळ बंद. दादा म्हणाला, "अगं, मेन स्विच बंद कर आणि झोप. सकाळी बघू." केला बंद. पण पंपाला स्वप्नं पडत नाहीत. कुठेतरी दाब उतरतोय.

५ नोव्हेंबर

पंपाच्या डिलिव्हरीला लागूनच एक छोटा बॉलव्हॉल्व्ह आहे. तो बंद करून पंप चालू ठेवला. आता घरघर सुरूच राहिली तर पाणी पंपाच्या स्वतःच्या झडपांमधून मागे टाकीत उतरतंय. थांबली तर गळती पुढे, पाईपांत कुठेतरी. थांबली. तासभर आवाज नाही. एका व्हॉल्व्हने निम्मी गाडी शोधातून बाद केली. पुढे कधी कुणी नवी रचना बसवणार असेल तर हा व्हॉल्व्ह विसरू नये. सगळ्यात फुकाचा भाग आणि सगळ्यात उपयोगी.

मग प्रत्येक जोडाखाली टिश्यूचा कोरडा तुकडा ठेवला. बोटाने चाचपून कळत नाही. थंड पाईप कोरडा असला तरी ओला वाटतो. कागद खोटं बोलत नाही. अर्ध्या तासाने गीझरच्या एल्बोखालचा (काटकोनी जोडाखालचा) कागद भिजलेला.

कॉलर दाबून पाईप ओढून काढला. टोकापासून सेंटीमीटरभर आत, ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) जिथे बसते तिथे, एक उभा ओरखडा. ओ-रिंग पाईपच्या गुळगुळीत अंगावरच पाणी अडवते, त्यामुळे नखाएवढा चराही तिला पुरतो. ओरखडा गेला तेवढं टोक धारदार पात्याने कापलं. करवतीने कापू नये. कडेला जी खरखरीत कूस राहते तीच पुढची ओ-रिंग कापते. पाईप गोल फिरवत फिरवत पातं दाबलं की काप सरळ येतो. किती खोल जायला हवा तेवढी मार्करने खूण केली आणि ती खूण कॉलरला टेकेपर्यंत दाबला. "बसल्यासारखा वाटला" आणि "बसला" यांच्यात काही मिलिमीटरचा फरक असतो, आणि सगळी गळती त्या मिलिमीटरांत राहते.

पाईप आता आखूड झाला. एल्बो धरून ठेवणारी क्लिप काढून दोन सेंटीमीटर अलीकडे स्क्रू केली, पाईपवरचा ताण गेला. ओरखडा आला कुठून, तेही कळलं: पाईप गीझरच्या पत्र्याच्या कडेला घासत होता. कडेवर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी बसवली.

रात्री शांत.

९ नोव्हेंबर

आज उलटा आजार. नळ उघडला की पंप चालतो, पण पाणी थुंकत थुंकत येतं, आणि नळ बंद केल्यावरही पंप थांबायला तयार नाही. गळती कुठे दिसत नाही. हीच खूण: सक्शनच्या बाजूची गळती थेंब टाकत नाही, हवा ओढते. टाकी अर्धी असल्यामुळे गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर होती. पंप थांबला की नळीतलं पाणी मागे टाकीत जायचं आणि बाहेर सगळं कोरडं ठणठणीत. पंपाने हवा धरली होती, एवढंच.

साबणाचा फेस करून एकेका जोडावर लावला. दाबाने हवा बाहेर पडत असेल तिथे फेसाला बुडबुडे येतात. सक्शनवर फेस आत ओढला जातो. गाळणीच्या वाटीच्या आट्यांपाशी फेस बघता बघता नाहीसा झाला आणि पंपाचा आवाज क्षणभर भरदार झाला. वाटी उघडली तर ओ-रिंग चपटी झालेली आणि आट्यांजवळ केसाएवढी चीर.

ओ-रिंग उलटी करून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. पेट्रोलियम जेली हाताशी होती, पण काही जातींचं रबर तिने फुगतं, आणि आपल्या ओ-रिंगची जात आपल्याला सहसा माहीत नसते. चिरेवर सिलिकॉनची स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळली: दुपटीहून जास्त ताणायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा. ही पट्टी प्लास्टिकला चिकटत नाहीच; ती फक्त स्वतःला चिकटते आणि ताणामुळे आवळते. त्यामुळे ढिली गुंडाळली तर तिचा काही उपयोग नाही.

एक विचार इथेच लिहून ठेवते, पुढे लागेल. सक्शनवरचं ठिगळ बाहेरची हवा आत दाबून धरते. टाकीतून पंपापर्यंतचा चढ अर्धा मीटर, म्हणजे ओढ ०.०५ बारच्या आसपास, नळीतलं घर्षण धरून थोडी अधिक. इथे सायकलची ट्यूब, पट्टी, ग्रीस, काहीही चालतं. डिलिव्हरीवरचं ठिगळ मात्र २.८ बार आतून बाहेर ढकलत असतात. तीच पट्टी, तोच हात, पण एका बाजूला ती महिनोन्महिने टिकेल आणि दुसऱ्या बाजूला फुगा होईल. म्हणून डागडुजीआधी पहिला प्रश्न "काय फुटलं" हा नसून "पंपाच्या अलीकडे की पलीकडे" हा.

१० नोव्हेंबर

गाळणी कोरडी, पंप वेळेवर थांबतो. काही केलं नाही.

१४ नोव्हेंबर

काल खिंडीतच अंधार झाला, २००० मीटरच्या आसपास मुक्काम. रात्री पारा शून्याखाली गेला. गीझरची थंडीतली झडप ३ अंशांच्या आसपास आपोआप उघडते. ती उघडली आणि गीझर वाचला. त्यातलं पाणी सकाळी चाकाशेजारी बर्फ होऊन पडलं होतं. पण सिंकखालचा पाईप मध्ये झोळ खाऊन टी-पाशी खाली येतो. त्या झोळात पाणी उरलं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं; पाईप तेवढा ताणला जातो, टी ताणला जात नाही. ऊन चढल्यावर पंप लावला तर सिंकखाली कारंजं.

टी-च्या अंगावर बोटभर उभी चीर. आधी पट्टी गुंडाळून पाहिली, नवव्या तारखेला जे लिहिलंय तेच पुन्हा तपासायला. पंप चालू केल्यावर पट्टीला गाठ आली, गाठीच्या कडेने पिचकारी. डिलिव्हरी म्हणजे डिलिव्हरी.

टी काढूनच टाकला. गरम पाण्याचा फाटा सोडून द्यायचा आणि थंड पाण्याची दोन टोकं सरळ जोडायची. सुटा जोड नव्हता. जाळी गुंतवलेली, आतून १२ मिलिमीटरची मऊ नळी होती. तिचा वीतभर तुकडा उकळत्या पाण्यात धरला, मऊ झाल्याबरोबर दोन्ही पाईपांवर चारचार सेंटीमीटर चढवला, दोन्हीकडे दोनदोन क्लॅम्प, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. एकाच बाजूला दोन्ही स्क्रू आले तर त्या बाजूला नळी नीट दाबली जात नाही.

आता हिशेब. पाईप गुळगुळीत, त्याला दातरे नाहीत. म्हणजे नळी फक्त क्लॅम्पच्या पकडीवर उभी. १२ मिलिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण १.१३ चौरस सेंटीमीटर, २.८ बारला पाईप बाहेर ढकलणारा जोर तीन किलोच्या थोडा वर जातो. पंप चालू-बंद होताना तो दर वेळी हिसका देऊन लागतो. तीन किलोचा हिसका दिवसातून कितीतरी वेळा, वर गाडीचे धक्के. हे काही मला पटेना.

दादाचं म्हणणं, आणखी एक क्लॅम्प लाव. माझं म्हणणं, दाबच उतरवू. हात धुवायला २.८ बार लागतात कुणाला?

१५ नोव्हेंबर

प्रेशर स्विचच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो. आमच्या पंपावर तो उलटा फिरवला की कट-ऑफ, म्हणजे पंप ज्या दाबाला बंद होतो तो आकडा, खाली येतो. अडचण एवढीच की गाडीत प्रेशर गेज नाही. टायरचा गेज आहे, पण तो पाण्याच्या नळाला लागत नाही.

पारदर्शक नळीचा तुकडा होता. ६० सेंटीमीटर कापला. एक टोक दुमडून तारेने घट्ट बांधलं, दुसरं टोक नळाची जाळी काढून तिथे चढवलं आणि क्लॅम्प लावला. बांधलेलं टोक वर करून दादाने नळी उभी धरली. नळ उघडला. पाणी नळीत चढतं आणि वर कोंडलेली हवा दाबली जाते. हवा किती आखडली त्यावरून दाब कळतो. समुद्रसपाटीला बाहेरची हवा सुमारे १ बार असते, म्हणून आत १ बार दाब आला की कोंडलेली हवा निम्मी, ३० सेंटीमीटर. २.८ बारला १६ सेंटीमीटरच्या आत. पण आम्ही अजून वरच होतो. २००० मीटरला बाहेरची हवाच सुमारे ०.८ बार, त्यामुळे आकडे बदलतात: २.८ बारला १३ सेंटीमीटर, १.४ बारला २२. दोन्ही ठिकाणी नळीवर मार्करने रेघा मारल्या.

पहिल्यांदा पाणी १३ च्या रेघेशी जाऊन थांबलं. पंप सांगतो तेवढाच दाब देतो, हे ऐकून बरं वाटलं. मग पाव-पाव आटा उलटा, दर वेळी नळीतलं पाणी सोडून पुन्हा भरायचं, कारण थोडी हवा पाण्याबरोबर निसटलेली असते. स्क्रू २२ च्या रेघेपर्यंत आला आणि पुढे सरकेना. १.४ बार. जोडावरचा जोर बरोबर निम्मा.

नळाची धार बारीक झाली, पण भांडी धुवायला पुरते. पाणीही कमी लागतं. खरं तर आधीची धारच जास्त होती.

गीझरचा फाटा बूच लावून बंद केला. गीझरचा फ्यूज काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, म्हणजे रिकामा गीझर चुकून कुणी तापवणार नाही. गरम पाणी किटलीतून.

१८ नोव्हेंबर

बाकाखाली ओल. खडबडीत रस्ता दिवसभर. टाकीच्या बाहेर निघणाऱ्या बुडख्याशी, जिथे नळी लागते, तिथे कोपऱ्यात चीर. पाणी झिरपतंय, वाहत नाही.

एपॉक्सीची कणीक मळून लावली, माहीत असूनही, कारण रात्र झाली होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी ती खपलीसारखी अख्खी हातात आली. पॉलिथिलीनला गोंद धरत नाही. त्याचं अंगच असं असतं की त्यावर काही पसरत नाही. टाकीच्या तळाशी त्रिकोणात कुठला आकडा आहे ते बघितलं की कळतं: २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. दोघांचा स्वभाव तोच. चीर मोकळ्या भिंतीवर असती तर दोन्हीकडून रबरी वॉशर लावून बोल्ट आवळला असता, आणि ते सगळ्यात विश्वासाचं काम झालं असतं. पण बुडख्याच्या कोपऱ्यात वॉशर सपाट बसत नाही.

१९ नोव्हेंबर

टाकी काढली. दोन पट्टे सोडल्यावर कळलं की त्यातला एक इतका सैल होता की टाकी बोटभर पुढेमागे सरकत होती. भरली टाकी ७० किलोची. ब्रेक दाबला की एवढं वजन पुढे सरकून त्या एका बुडख्यावर आदळायचं. चीर तिथेच का पडली, याचं उत्तर मिळालं.

दिवसभर टाकी उघडी ठेवून कोरडी केली. चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे धावत नाही. जोडायला त्याच जातीचं प्लास्टिक हवं. तळाशी २ आकडा असलेल्या रिकाम्या डब्याच्या बारीक पट्ट्या कापल्या. मग सोल्डरिंग आयर्नने चिरेच्या दोन्ही कडा आणि पट्टी एकत्र वितळवत गेले. पॉलिथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, आयर्नचं टोक त्याच्या दुपटीहून अधिक तापलेलं असतं, म्हणून टोक एका जागी ठेवायचं नाही. धूर दिसला की जास्त झालं; जळलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. नुसती वरून पट्टी पसरवून चालत नाही, खालचं अंग वितळून तिच्यात मिसळायला हवं. दारं उघडी ठेवून, तोंड वाऱ्याकडे करून. दिसायला भयानक. वर अजून एक थर, तोही तसाच.

पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवली.

आज पंपाची नळी सरळ २० लिटरच्या कॅनमध्ये सोडून काम चालवलं. नळीच्या टोकाला एक जड नट बांधला, म्हणजे ती तळाशी राहते. गाडीत असा एक कॅन आणि वाव ठेवलेली लांब नळी असली की टाकीची कुठलीही दुरुस्ती निवांत करता येते.

२० नोव्हेंबर

कागद कोरडा. टाकी बसवली, पट्टे आवळले, पुढे-मागे जुन्या चटईचे घट्ट गुंडाळलेले तुकडे ठासले. भोक पाडताना पडलेला प्लास्टिकचा बुरा धुऊन काढला होता, तरी संध्याकाळी गाळणीच्या वाटीत तो थोडा सापडलाच. गाळणी नसती तर तो पंपाच्या झडपेत अडकला असता. झडप पूर्ण मिटली नाही की पाणी मागे उतरतं आणि पाचव्या तारखेची घरघर परत.

२३ नोव्हेंबर

धार अगदीच मंदावली. पंप कण्हतोय. बाक उचलून पाहिलं तर टाकीच्या भिंती आत ओढल्या गेलेल्या. भरायच्या तोंडाचं झाकण उघडलं, हवा सूं करत आत शिरली आणि धार पूर्ववत. म्हणजे हवेची नळी तुंबलेली.

गाडीखाली आडवं होऊन पाहिलं: नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधून दिलं होतं, गुळगुळीत, नीट लिंपलेलं. तारेने फोडलं. तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून तारेने बांधला. टाकीचं ते ओबडधोबड वितळवलेलं काम या ओढीतही तगलं, ही एक अनायासे झालेली चाचणी.

२६ नोव्हेंबर

पंप मेला. फ्यूज शाबूत.

मल्टिमीटर. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. पंपाच्या टोकांशी, पंप चालत नसताना, १२.५. इथवर पाहून पुष्कळ लोक "वीज येतेय, पंप गेला" म्हणतात. पण भार नसताना गंजलेला जोडही पुरे व्होल्ट दाखवतो. प्रेशर स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकवल्या: पंप फिरला, पण सुस्त, आणि टोकांशी १०.९. पावणेदोन व्होल्ट वाटेत गायब. म्हणजे दोन दुखणी: स्विच गेलेला, आणि तारेत कुठेतरी अडथळा.

अडथळा बॉडी अर्थमध्ये, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून परत जाते त्या जोडात सापडला. पत्र्याला जिथे अर्थचा स्क्रू लावलाय तिथे चौदा तारखेच्या कारंज्याचं पाणी साचून गंज चढला होता. खरवडून चकचकीत केला, ग्रीस लावून आवळला. आता चालत्या पंपावर १२.२.

स्विच उघडला. आतले दोन्ही टिकलीएवढे संपर्क काळे, एकावर खड्डा. बारीक पॉलिश पेपरने घासले. थोडा वेळ चालले, पुन्हा रुसले. चांदीचा थर एकदा गेला की घासण्याने फार काळ निभत नाही.

सोपा मार्ग म्हणजे स्विच वगळून पंप हाताच्या बटणावर घेणं. पण यातच खरा धोका आहे. प्रेशर स्विच नसेल आणि नळ बंद असताना पंप चालू राहिला तर त्याला थांबवणारं काही उरत नाही. दाब वाढत जातो आणि सगळ्यात दुबळा जोड सुटतो. आमचा सगळ्यात दुबळा जोड कुठे आहे ते मला पाठ आहे. म्हणून टॉगल स्विच नको. बटण असं हवं की बोट उचललं की पंप बंद. दारावरच्या घंटीचं बटण.

तेवढ्याने भागत नाही. पंप पाचसहा अँपिअर ओढतो, घंटीचं बटण त्यासाठी नसतं. चार दिवसांत तेही काळं पडेल. सुट्या सामानात हॉर्नचा एक रिले होता. त्याच्या पायांवर आकडे असतात: ३० ला फ्यूजमधून येणारी तार, ८७ वरून पंपाला, ८५ आणि ८६ या कॉइलच्या टोकांपैकी एक अर्थला, दुसरं बटणातून फ्यूजच्या तारेला. आता बटणातून कॉइलपुरता चिमूटभर प्रवाह जातो, जड काम रिले करतो. बटण सिंकच्या कडेला, डाव्या हाताला बसवलं.

वापरायचा क्रम दादाने स्वतः झाकणावर मार्करने लिहिला: आधी नळ, मग बटण. बंद करताना आधी बटण, मग नळ.

याचा एक फायदा लगेच दिसला. पंप नळ उघडा असतानाच चालतो, त्यामुळे पाईपांत दाब साठून राहतच नाही. मऊ नळीच्या त्या जोडावर आता धक्का जवळजवळ नाही. गाडी चालू असताना तर सगळी डिलिव्हरी ढिली. चौदा तारखेपासून मी त्या जोडाला बळकट कसं करायचं याच्या उपायांची यादी करत होते. त्यातलं एकही करावं लागलं नाही.

१ डिसेंबर

टाकी उघडली, आत हात घातले, मऊ नळ्या बदलल्या, कॅनमधलं पाणी फिरवलं. इतकं झाल्यावर सगळं धुऊन काढायला हवं. इतके दिवस प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमध्येच होतं. टाकीचं फक्त धुण्यासाठी.

गीझरचा फाटा बंदच असल्यामुळे तो यातून आपोआप वगळला गेला. सुगंध नसलेलं साधं ब्लीच, ५ टक्क्यांचं. हिशेब सोपा: ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम. टाकीत लिटरला ५० मिलिग्रॅम हवंय, म्हणजे लिटरला एक मिलिलिटर, ७० लिटरला ७०. टाकी काठोकाठ भरली, नळातून ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडलं, चार तास तसंच ठेवलं. मग पूर्ण रिकामी, आणि वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा साधं पाणी. गाडी त्या चार तासांत थोडी चालवली, म्हणजे टाकीच्या छतालाही पाणी लागतं.

नळाच्या जाळीवर क्षार बसले होते. ती वेगळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवली आणि स्वच्छ धुऊनच परत लावली. व्हिनेगर आणि ब्लीच यांची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत ते परवडणार नाही. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या.

५ डिसेंबर

नवं सामान आलं. नवा टी बसवला, पाईप आता झोळ न खाता उताराने टाकीकडे जातो, म्हणजे रिकामा करायचा म्हटलं की खरंच रिकामा होतो. गरम फाटा जोडला. गीझर भरून नळातून सलग धार आल्यावरच त्याचा फ्यूज परत लावला. गाळणीची वाटी नवी. मऊ नळीचा तो जोड काढताना क्लॅम्पखाली पाईपवर ओरखडा नव्हता, सरकल्याची खूणही नव्हती. मार्करची रेघ जिथे मारली तिथेच.

नवा प्रेशर स्विचही आलाय. तो बसवला, पण बटणाच्या तारांना हात लावला नाही. स्विच आणि रिले यांच्या मधे एक दोन-मार्गी कळ टाकली: एका बाजूला स्विच, दुसऱ्या बाजूला बटण. रिलेची कॉइलच दोन्हीकडून चालते, त्यामुळे नव्या स्विचच्या संपर्कांवरही जड प्रवाह जात नाही, ते जुन्यासारखे लवकर जळणार नाहीत. मुक्कामी स्विच, प्रवासात आणि थंडीत बटण. कट-ऑफ १.४ वरच ठेवला आहे. पाहुणे आले की "धार कमी येते" म्हणतात. येऊ दे.

टाकी बदलणार नाही. तिच्या वितळवलेल्या कोपऱ्यापाशी बाकाच्या फळीला हाताएवढी खिडकी कापली, वर सरकतं झाकण. टॉर्च मारला की कोपरा आणि खालचा कागद दोन्ही दिसतात.

उरलेलं काम: हवेच्या नळीचं तोंड खाली वाकवून त्यावर धातूची जाळी. गाळणीच्या ओ-रिंगची जोडी सुट्या सामानात घेणे, या वेळी रबराची जात विचारून. अर्थचा स्क्रू सिंकखालून हलवून कोरड्या जागी नेणे. दादा म्हणतो हे आधी. बरोबर आहे, उद्या सकाळी तेच.